फौजीच्या पोरीचं क्लॅरोनेट

प्रांजल फाळके हिला क्लॅरोनेट वाजवायचंच नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक उगाच म्हणतात की पोरीच्या अंगात कला होती. कला वगैरे काही नव्हती, त्या दिवशी तिची एसटी चुकली होती, एवढंच. कोरेगावच्या कॉलेजात बँडपथक सुरू झालं तेव्हा वाद्यं वाटायला सगळ्यांना सकाळी बोलावलं होतं. जी पोरं वेळेवर आली त्यांनी ढोल, ट्रम्पेट, झांजा असली मानाची आणि आवाजाची वाद्यं पटकावली. तिची मैत्रीण सृष्टी हिनं तर साइड ड्रम गळ्यात अडकवला होता आणि तो आता काढायला ती तयार नव्हती. प्रांजल धापा टाकत पोचली तेव्हा टेबलावर एक काळी लांबट पेटी तेवढी उरली होती. आत पाच तुकडे, आणि त्यांवर भांड्याच्या दुकानात असावीत तशी चकचकीत झाकणं.

"जोडायचं कसं ते कुणालाच कळंना, म्हणून ऱ्हायलंय," सृष्टीनं सांगितलं.

पंक्तीला उशिरा येणाऱ्यानं पानात पडेल ते खावं. प्रांजलनं पेटी उचलली.

बँड शिकवायला कॉलेजनं उंब्रजहून ज्योतीराम मास्तरांना आणलं होतं. मास्तरांची उभी हयात लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवण्यात गेलेली. कराडपासून पार सांगली-मिरजेपर्यंतच्या शेकडो नवऱ्यांना त्यांनी घोड्यावरून मांडवात पोचवलं होतं. "आन् त्यातलं निम्मं आजून मला शिव्या देत्यात," असं ते स्वतःच हसत सांगायचे. वाजवायला लागले की त्यांचे दोन्ही गाल टम्म फुगायचे, डोळे मिटायचे, आणि समोरची पोरं वाद्य सोडून गालांकडेच बघत बसायची.

"माज्या गालाकडं बघू नगंस," त्यांनी प्रांजलला पहिल्याच दिवशी बजावलं. "मी चुकीचं शिकलोय. तू बरोबर शीक. गाल आत, खालचा वठ दातावर दुमडायचा, वरचं दात वर टेकवायचं, आन् फुकायचं. फुकायचं म्हंजी चूल पेटवल्यावानी न्हवं. च्या गार करतानी कशी फुकतीस? तसं, पर जोर लावून."

प्रांजलनं तसं केलं. नुसती हवा आली. जोर लावला तर त्या नळीतून अशी एक किंकाळी निघाली की कॉलेजच्या आवारातलं कुत्रं उठून गेटाबाहेर गेलं. मास्तरांनी कानात करंगळी घालून हलवली आणि ते ढोलवाल्यांकडे गेले.

क्लॅरोनेट हे वाद्य गुणी असेल, पण नव्या माणसाशी ते सरळ बोलत नाही. त्याच्या टोकाला वेताची एक पातळ पट्टी बसवलेली असते, तिला रीड म्हणतात. ती जिभेनं ओली करायची, बरोबर जागी बसवायची आणि जपायची. ती केसभर सरकली तरी रुसते. प्रांजल रोज तिची मनधरणी करायची. घरी सराव केला त्या पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या रंगूबाई लुगड्याचा पदर खोचत धावत आल्या. नात्यानं त्या चुलत आजी, वयानं सत्तरीच्या पुढच्या, आणि गोठ्यातल्या अडचणीला गावात सगळ्यात आधी पोचणाऱ्या.

"राणे, म्हस अडलीया व्हय गं? बोलवू का डागदराला?"

प्रांजलची आई राणी चुलीपाशी हसून हसून वाकली. म्हैस गोठ्यात निवांत रवंथ करत उभी होती. तिला आपल्या नावावर हे काय खपतंय याची कल्पना नव्हती. त्या दिवसापासून प्रांजलची रवानगी शेतातल्या मोटारीच्या खोलीत झाली.

पंधरा ऑगस्ट जवळ आला तशी पथकाची तयारी जोरात सुरू झाली. सगळ्यांचं जमत आलं होतं. सृष्टीच्या काठ्या तर अशा फिरायच्या की तिच्या आईनं भाकरी थापायचं काम तिच्याकडून कायमचं काढून घेतलं, कारण ती परातीवरही तेच वाजवायची. एकट्या प्रांजलचं क्लॅरोनेट दर दोन सुरांनंतर किंचाळत होतं. शेवटी मास्तरांनी तिला बाजूला घेतलं.

"हे बग पोरी, रांगंत तर तू पायजेस. पयल्या लायनीत क्लारनेट दिसलं की बँड भरल्यावानी वाटतोय. तर तू असं कर. वठाला लाव, बोटं हालव, पर फुकू नगंस."

"म्हंजी नुसतं दाखवायचं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नाच्या बँडात निम्मी तेच करत्यात. एकानं तर माज्यासंगं सगळा सीझन असाच काढला, आन् त्याला बक्षिसी माज्यापरीस जास्ती मिळायची."

स्वातंत्र्यदिनाला प्रांजल पहिल्या रांगेत उभी राहिली. पांढरा गणवेश, लाल पट्टा, डोक्यावर तुऱ्याची टोपी. बोटं अगदी बरोबर हलवली. फुंकर एकही मारली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, प्राचार्यांनी पाठ थोपटली, आणि सृष्टीच्या भावानं एक असा झकास फोटो काढला की त्यात प्रांजल साक्षात क्लॅरोनेटची देवता दिसत होती. राणीनं तो फोटो त्याच दुपारी नवऱ्याला पाठवला. घोटाळ्याला खरी सुरुवात इथून झाली.

प्रांजलचे पप्पा, तानाजी फाळके, फौजेत हवालदार. प्रांजलच्या जन्माच्या आधीपासून ते नोकरीत होते. वर्षातून एकदा-दोनदा सुट्टीवर यायचे, तेव्हा पहिले चार दिवस ती त्यांना लाजायची आणि लाज गेली की त्यांची सुट्टी संपायची. बाकी सगळा बाप तिला फोनमध्ये भेटलेला. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. जेवलीस का, अभ्यास काय म्हणतोय, पाऊस झाला का. मग प्रांजल काहीतरी सांगायला घ्यायची, आणि तेवढ्यात त्यांच्या मागे बिगूल वाजायचा. "चल, ठिवतो," म्हणून फोन बंद. लहानपणी तिचा पडलेला दात, पाचवीतलं बक्षीस, दहावीच्या निकालाच्या दिवशीचं रडू, असं बरंच काही त्या बिगुलानं मधेच तोडलेलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी सांगू म्हणावं तर दुसऱ्या दिवशी ते शिळं झालेलं असायचं.

फोटो गेला त्या संध्याकाळी पप्पांचा आवाज काही वेगळाच होता.

"सगळ्या युनिटला दावला फोटू. आमचं साब म्हणलं, तानाजी, तुमची मुलगी तर आर्टिस्ट निघाली. आन् आईक, फेब्रुवारीत मी रिटायर हुतोय. गावात डीजे लावायचा न्हाई. मिरवणुकीत माजी पोरगी वाजवंल. सगळ्यास्नी सांगून ठिवलंय मी."

आत्ताच सांगून टाकावं, म्हणून प्रांजलनं धीर केला.

"पप्पा, त्या फोटूत मी खरं तर..."

मागे बिगूल वाजला.

"चल, ठिवतो."

आमच्या भागात फौजी निवृत्त होऊन येतो तेव्हा त्याला काही कोणी गुपचूप घरात शिरू देत नाही. वेशीपासून फुलांनी सजवलेल्या जीपमधून मिरवणूक निघते, चौकात त्याच्या वर्दीतल्या फोटोचा फ्लेक्स लागतो, घराघरांतल्या बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या राहतात आणि गावातले यच्चयावत माजी सैनिक छातीला पदकं लावून हजर होतात. अशा सोहळ्यात सगळ्या गावासमोर बोटं हलवून भागणार नव्हतं. तिथं बाकीचं पथक नसणार, मग झाकायचं कशाच्या आवाजात? पप्पांनी युनिटभर मिरवलेली पोरगी खोटी ठरणार, तीही त्यांच्या शेवटच्या मानाच्या दिवशी. त्या विचारानं प्रांजलला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसलेच, पण मग म्हणाले, "बापाला मुकी मिरवणूक दावायची व्हय? चल, लाग कामाला. पर आजपास्नं गाणं बंद. नुसता सूर."

"किती दिवस?"

"मी म्हणंस्तवर."

ऊस पाजायची पाळी रविवारी दिवसा यायची आणि त्या दिवशी दारं धरायला प्रांजलच असायची. म्हणजे पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरली की मातीचं दार मोडून दुसऱ्या सरीत घ्यायचं. हे कळल्यावर मास्तरांना फारच आनंद झाला. त्यांनी नेमच घालून दिला. पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत एकच सूर वाजवायचा. दम संपला तर घ्यायचा, पण सूर तोच. दुसरी सरी, दुसरा सूर.

प्रांजलला आधी वाटलं की म्हाताऱ्याला लग्नाच्या सीझनचं ऊन लागलंय. उसातलं पाणी काही धावत जात नाही. ते ढेकूळ विरघळवत, उंदराच्या बिळात शिरून बाहेर येत, आपल्या सवडीनं जातं. बांधावर उभी राहून ती एक सूर धरायची. ओठ बधिर व्हायचे, अंगठ्याला क्लॅरोनेटच्या भारानं घट्टा पडला. पण हळूहळू सूर थरथरायचा थांबला. मग एके दिवशी तो इतका गोल आणि भरीव निघाला की हा आपणच काढतोय का, अशी तिला शंका आली. त्या आनंदात ती दार मोडायचंच विसरली. पाणी बांध फोडून खालच्या रानात शिरलं, आणि खालचं रान नेमकं रंगूबाईंचं.

"आदी कानात घातलंस, आता हरबऱ्यात घातलंस!" रंगूबाई बांधावरून ओरडल्या. "तुज्या बानं सरहद्द राखली, आन् तुला बांध राकता येईना व्हय गं?"

प्रांजलनं माफी मागितली, चिखलात उतरून बांध घातला, आणि त्याच चिखलाच्या हातानं परत तो सूर निघतो का ते बघितलं. निघाला. रंगूबाई बडबडत होत्या, पण जाता जाता म्हणाल्या, "म्हशीगत न्हाई वाटत आता. गायीगत वाटतंय." गावात यापेक्षा मोठा दाखला कोणी देत नाही.

सूर स्थिर झाले, पण क्लॅरोनेटमध्ये एक अवघड जागा असते. खालचे सूर संपून वरचे सुरू होतात तिथं एका क्षणात सगळी भोकं बोटांनी एकदम बंद करावी लागतात, आणि एखादं बोट जरी अर्धवट बसलं तरी किंकाळी ठरलेली. मास्तर त्या जागेला घाट म्हणायचे.

"ह्यो आपला खंबाटकी. हितं घाबरून जोर लावला की गाडी मागं येती. दम हाय तसाच ठिव, बोटं तेवढी बदल."

प्रांजलची गाडी दिवाळीनंतरही घाटातच बंद पडलेली होती. ती रडली, चिडली, एकदा क्लॅरोनेट पेटीत आपटून घरी निघाली आणि अर्ध्या रस्त्यातून परत आली, कारण रीडचं टोपण लावायचं राहिलं होतं. सृष्टी तिला म्हणायची, "आगं ड्रम घे, ड्रमला घाट नस्तोय." पण तोवर प्रांजलला त्या नळीचा असा काही छंद लागला होता की ती वर्गात बसल्या बसल्या पेनवर बोटं ठेवून घाट चढायची. नाताळच्या सुट्टीत कधीतरी ती चढून गेली. किंकाळी आली नाही. तिनं परत खाली उतरून परत चढून बघितलं, आणि मग मोटारीच्या खोलीत एकटीच नाचली.

आता प्रश्न आला वाजवायचं काय याचा. मास्तरांच्या पोतडीत नवऱ्याच्या स्वागताच्या चिक्कार चाली होत्या. प्रांजलला त्या नको होत्या. पप्पा काही लग्न करून येत नव्हते. तिला त्यांची स्वतःची, त्यांच्या फौजेची धून वाजवायची होती, आणि तशी एकच धून तिला ठाऊक होती. रोज संध्याकाळी फोनमध्ये मागे वाजणारी. ती शिकावी लागलीच नाही. इतकी वर्षं ऐकून ती तिच्या अंगात भिनली होती. तिनं ती शिट्टीवर म्हणून दाखवली.

"कशाची हाय ही?" मास्तरांनी विचारलं.

"ठावं न्हाई. पर वाजली की पप्पा लगेच उटून जात्यात."

"म्हंजी मानाची आसणार," मास्तरांनी निर्वाळा दिला. "फौजंत बिनमानाचं काय वाजवत न्हाईत." लग्नाच्या बँडात कुठल्या वेळेला कुठलं गाणं याची त्यांना पक्की जाण होती, एवढ्यावरून त्यांनी फौजेचंही ठरवून टाकलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "झेंडा उतरवत्यात तवाची आसंल." पप्पांना विचारायची सोय नव्हती, कारण त्यांना चकित करायचं होतं.

मास्तरांनी ती धून आपल्या क्लॅरोनेटवर घेतली आणि पहिल्याच फेरीत तिला हळद लावली. हा सूर तिकडे घसरवला, त्या सुराला हेलकावा दिला.

"मास्तर, ही आशी लाडात येत न्हाई. सरळ हाय."

"सरळ वाजवायला ह्यो काय नळ हाय का?" मास्तर दुखावले. पण दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच तिची धून ऐकून मान डोलावली. "सरळच ऱ्हावू दे. आपल्यातलं काय मिसळलं तर नासंल."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तानाजी फाळके घरी आले. वेशीच्या कमानीपासून जीप हळूहळू निघाली. पुढं गुलाल, मागं पोरं. जीपमध्ये पप्पा वर्दीत उभे, गळ्यात झेंडूचे इतके हार की हनुवटी दिसेना. चौकात माजी सैनिकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण खुर्चीत कोण बसतंय? कोणी चहाच्या टपरीवर, कोणी तंबाखू मळत पारावर, आणि माजी नाईक जयराज तर ऐन वेळी दाढी आठवून सलूनमध्ये जाऊन बसले होते. मधोमध एकटे सुभेदार लालासाहेब, गावातले सगळ्यात जुने फौजी, हातात काठी, छातीवर पदकं, दुसऱ्या हातात बशी.

जीप चौकात थांबली. सोबतीला आलेल्या सृष्टीनं ड्रमवर हलकासा ठेका दिला आणि ती थांबली. ज्योतीराम मास्तर मुद्दाम उंब्रजहून आले होते. गर्दीत उभे राहून त्यांनी स्वतःचे गाल दोन्ही हातांनी धरून ठेवले. प्रांजलनं रीड ओली केली. पप्पा जीपमधून तिच्याकडे बघत होते. तिनं फुंकलं.

पहिला सूर लख्ख निघाला. दुसरा त्याच्यावर. मग घाट आला, आणि दम हाय तसाच ठेवून ती वर गेली. एकही सूर फाटला नाही. चौकात दुसरा आवाज उरला नव्हता, आणि सगळी धून त्या शांततेवर सरळ, स्वच्छ उभी राहिली.

आणि मग ते झालं.

लालासाहेबांच्या हातातली बशी खाली पडली. ते ताडकन उठून सरळ उभे राहिले. पारावरचे तंबाखू झटकून धावले. टपरीवरचे चहा ठेवून धावले. सलूनमधून नाईक जयराज बाहेर आले ते अर्ध्या गालाला फेस, गळ्यात पांढरं कापड, तसेच. गुडघे दुखणारे, काठी टेकणारे, मोतीबिंदू झालेले, सगळे चौकात येऊन खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहिले. आणि जीपमधून, अंगावर सगळे हार घेऊन, हवालदार तानाजी फाळके यांनी खाली उडी मारली आणि पळत येऊन रांगेच्या टोकाला सावधान!

गाव असं हसलं की फ्लेक्स हलला. बायकांच्या ताटातली निरांजनं विझली. हे म्हातारे का पळाले ते कुणालाच कळेना. प्रांजल तर गोठून उभी. आपलं काय चुकलं?

"पोरी," लालासाहेब समोर बघतच ओरडले, "गिनतीचा बिगूल कुणी शिकीवला तुला?"

तेव्हा उलगडा झाला. फौजेत संध्याकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून एकेकाचं नाव पुकारतात. ती गिनती. त्या बिगुलाला जो जिथं असेल तिथून पळत येतो, हातातला घास टाकून, हातातला फोन ठेवून. झेंडा नाही, मान नाही, काही नाही. नुसती हजेरी. गर्दीत ज्योतीराम मास्तर एका खांबाआड सरकले.

पण लालासाहेब आता थांबणार नव्हते. कितीतरी वर्षांनी त्यांच्यापुढं रांग लागली होती.

"लाइन लागलीया तर गिनती घेऊनच सोडणार! नाईक जयराज!"

"हाजिर साब!" फेस उडाला.

एकेक नाव झालं. एकेक म्हातारा छाती फुगवून ओरडला. शेवटी लालासाहेब रांगेच्या टोकाला आले.

"हवालदार तानाजी फाळके!"

उत्तर आलं नाही. पप्पा नुसतेच समोर बघत होते. युनिटमधल्या रांगेत त्यांच्या जागी आता दुसरा कोणी उभा असणार, हे बहुतेक त्यांना तिथं, गावच्या चौकात, पहिल्यांदा कळलं.

"हवालदार तानाजी फाळके!" लालासाहेबांनी परत पुकारलं, पण जरा हळू.

"हाजिर हाय!" बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. राणी ओवाळणीचं ताट घेऊन पुढं आली होती. सगळ्या गावासमोर मोठ्यानं बोलायची तिची ही पहिलीच वेळ. "घरी हाजिर हाय. आन् आता हितंच ऱ्हाणार हायत, आबा. लिवून घ्या."

यावर जे हसू उठलं त्यात पप्पाही हसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. लालासाहेबांनी घसा खाकरला.

"वाजव बाळ आता, विसर्जनाचं. लाइन तोडायची."

प्रांजलनं क्लॅरोनेट खाली घेतलं.

"मला ते येत न्हाई, आबा."

"आगं, गिनती झाली की वाजतंय ते."

"ते मी कधी ऐकलंच न्हाई. तवर पप्पांनी फोन ठिवल्याला असायचा."

तानाजी फाळक्यांनी सगळ्या नोकरीत हुकमाशिवाय रांग कधी सोडली नव्हती. ती त्यांनी आता सोडली. लालासाहेबांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे मान फिरवली. पप्पा प्रांजलपाशी आले, त्यांनी तिच्या हातातलं क्लॅरोनेट घेतलं आणि उलटंसुलटं करून बघितलं.

"वजन हाय की गं ह्याला."

"पप्पा," प्रांजल घाईघाईनं म्हणाली, "त्या फोटूत मी फुकत नव्हते. नुसती बोटं हालवत हुते. मास्तरांनी सांगितलं हुतं. मला वाजवायलाच येत नव्हतं."

पप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं. मधे काही वाजलं नाही.

"आन् आज?"

"आज फुकलं."

"ते कळलं गं," पप्पा म्हणाले. "पळत आलो की मी."

बाकीचे म्हातारे अजून रांगेतच उभे होते. नाईक जयराज यांच्या गालावरचा फेस वाळत चालला होता, आणि हुकूम होईपर्यंत त्यांना तो पुसता येत नव्हता.